परसों म्हणजे केव्हा?

"मॅडम, परसों तक यां दस कदम जमीन थी," खादरचाचा पाण्याकडे बोट दाखवत म्हणाले.

तलावाकाठच्या लहानशा कबरस्तानातली शेवटची कबर त्यांच्या बीबीची. काठ तुटत तुटत तिच्यापासून चार पावलांवर आला होता. मी डायरीत लिहिलं : दोन दिवसांत दहा पावलं गेली.

मी मूळची पुण्याची. आता इथे विद्यानगरला राहते, काठ वाचवण्याची डिझाइन्स करते. तलावाची लाट छोटी, पण रोज थोडी माती खाते. उपाय म्हणजे बीच नरिशमेंट : काठाला जाड रेतीचा उतार द्यायचा, लाट त्यावर चढताना दमते. रेती किती वेळा टाकायची, ते झीज किती वेगाने होते त्यावर ठरतं.

त्या आठवड्यात धो धो पाऊस झाला होता. मी धरून चालले : पावसाने एकदम तुटलेला काठ एकदा भरला की काम संपलं.

"एकदाच? शुअर?" माझे बॉस राव सर म्हणाले.

"शुअर, सर."

जुने सॅटेलाइट फोटो मी बघितलेच नाहीत. मला घाई होती आणि उत्तर हाताशी होतं.

रेती पडली. चाचा तिच्यावर अनवाणी चालून आले. "अब फिकर नक्को ना?"

"नक्को, चाचा," मी ऐटीत म्हणाले.

उन्हाळ्यातल्या वाऱ्यांनी निम्मी रेती नेली. मी चक्रावले. डब्बा खाताना ऑफिसमधली नारायणगुड्याची श्रीलता माझी डायरी वाचून हसायला लागली. "परसों? अगं, इथल्या बोलीत परसों म्हणजे मागे कधीही. माझी आजी स्वतःच्या लग्नालासुद्धा परसों म्हणते!"

मी डब्बा बंद केला. तेव्हा कुठे जुने सॅटेलाइट फोटो उघडले. काठ कित्येक वर्षं मागे सरकत होता. शेजारच्या रिसॉर्टने पाण्यात भिंत घातली होती, आणि काठाकाठाने सरकत येणारी रेती तिथेच अडत होती. इथे दरवर्षी भर घालायला हवी होती.

काम देणाऱ्या क्लायंटला तसं कळवलं, दरवर्षी पैसे लागतील म्हणून. उत्तर एका ओळीचं आलं : रिपोर्टमध्ये 'एकदाच' असं तुम्हीच लिहिलं आहे.

पावसाळ्यानंतर गेले. कबरीच्या जागी पाणी होतं. डोक्याकडचा दगड चाचांनी ओढून वर आणून ठेवला होता, आणि ते त्याच्याशेजारी बसले होते.

"कब हुआ, चाचा?"

"परसों."

आता साइटवर कुणीही 'परसों' म्हटलं, की मी महिना आणि साल विचारते. चाचांना विचारायची हिंमत मात्र झाली नाही.