रेषेसकट

सांगलीहून निघताना मुलीने विचारलं, "या वयात, एका फोटोसाठी भिवंडी?" मी खिशातला पेन ड्राइव्ह चाचपला आणि गाडीत बसलो.

तरुणपणी नोकरीला कल्याणला असताना मी कबड्डीचे फोटो काढायचो. भिवंडीजवळच्या दिघाशी गावातल्या मैदानावरच्या एका फोटोने मला बक्षीस आणि नाव दिलं. चढाईत पकडीत सापडलेल्या दिघाशीच्या बाळारामचा चेहरा, वासलेलं तोंड, ताणलेल्या शिरा. खाली ओळ होती, 'पराभवाचे अश्रू'. ती माझीच. छापताना फोटोचा उरलेला भाग मी कापून टाकला होता; निगेटिव्हवर तो शाबूत होता, आणि आता पेन ड्राइव्हमध्ये.

कल्याणहून रिक्षा केली. रिक्षावाला वाटेवरच्या कोन गावचा, बोलका. मी बाळारामचं नाव काढताच तो हसला. "रडका बालाराम? फोटोवाला? दिघाशीची पोरं अजून चिडवतात त्याला." पुढे मी खाडीकडे बघत राहिलो.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात बोळाबोळातून यंत्रमागांची खटखट चालू होती. फ्लेक्स छापणाऱ्या तरुणाने पडद्यावर माझा अख्खा फोटो उघडला.

"चाचा, ये हाथ-वाथ काट दूँ? चेहरा बड़ा आएगा. इमोशन दिखेगा."

"हात लावायचा नाही! जसा आहे तसा छाप."

"मर्ज़ी आपकी," म्हणत त्याने यंत्र सुरू केलं. ओल्या शाईच्या वासात तो फ्लेक्स हळूहळू बाहेर आला. आधी चेहरा, मग लांबवलेला हात, शेवटी मधल्या रेषेची पांढरी फक्की आणि तिच्यावर टेकलेली बाळारामची बोटं.

दिघाशीला पोचलो तेव्हा भातकापणी झालेल्या शेतात सामने रंगले होते. मी फ्लेक्स बांबूला बांधायला लागलो. वाऱ्याने तो माझ्याच तोंडावर आपटला, पोरं खिदळली. मंडळाचा कार्यकर्ता धावत आला.

"काका, हे काय? त्या टायमाला जिंकलेलं गाव आज पाहुनं हाय. कशाला जुनं उकरता?"

"पाहुण्यांना डोळे आहेत ना? बघू देत."

"मी उतरवीन हां."

"उतरव. मी परत बांधीन."

गर्दी जमली. फोटो मीच काढलेला, हे मी सांगून टाकलं. कुणीतरी बाळारामला घेऊन आलं. केस पांढरे, खांदे तसेच रुंद. तो फ्लेक्ससमोर गेला आणि रेषेवरच्या स्वतःच्या बोटांवर त्याने बोट ठेवलं.

"दम सुटला न्हवता माजा," तो म्हणाला. "कबड्डी म्हनत व्हतो. पंचाला आयकू गेला न्हाय. आन तुमी म्हनता रडला!"

पाहुण्यांतला एक म्हातारा चष्मा सावरत पुढे झाला. "बोटं तर पोचलीत रं. आता काय ढाल परत मागतोस?"

"ढाल ठेव तुज्याकडं. रडका म्हनायचं न्हाय, येवढंच."

म्हाताऱ्याने मान हलवली. "न्हाय म्हननार," तो म्हणाला. कार्यकर्त्याने मुकाट्याने सुटलेला कोपरा बांधला.

बाळाराम माझ्याकडे वळला. "तुमाला रेषा दिसली न्हवती?"

"दिसली होती."

"मंग?"

"मला चेहरा मोठा हवा होता."

तो घराकडे वळला. मग म्हणाला, "चला, भाकर खाऊन जा. माफी मातर मागू नका, मला ती गिलता येनार न्हाय." तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकी बारीक कोळंबी) मी मान खाली घालून खाल्ला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तर तो म्हणाला, "आता तुमचा फोटो काढू का?" घरातली सगळी हसली. मीही.

परतीच्या वाटेवर कोन मागे पडलं तेव्हा जाणवलं, वर्षानुवर्षं मी नवख्यांना एकच शिकवत आलो: भावना हवी तर चेहऱ्याजवळ जा. चूक होतं ते. तोंड कशासाठी उघडलंय हे कळेपर्यंत मागे सरा. वासलेलं तोंड रडतंही आणि झुंजतंही. कोणतं ते बोटं सांगतात, रेषा सांगते.

घरी आल्याबरोबर बक्षिसाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिथे पूर्ण फोटो लावला. बक्षीस परत हवं असेल त्यांनी खुशाल सांगलीला यावं. चहा पाजीन. पण रेषा कापू देणार नाही.