कळा मोजणारं घड्याळ

मुलगी कळांनी ओरडत होती आणि माझा नवरा उशाशी बसून तिच्या कळा मोजत होता. दोन सेकंदकाट्यांची जुनी मनगटी घड्याळं जमवायचा त्याला नाद. कळ आली की बटण दाबायचा. एक काटा थांबायचा, दुसरा पुढे पळायचा.

"जीप बघा, पेणला नेऊया हिला," मी म्हणाले. नाव तिथल्याच दवाखान्यात घातलं होतं.

"थांब गो, अजून वेळ हाय. घड्याळ खोटं बोलत नाय."

"पोरं मी काढली का तुमच्या घड्याळानं?"

तो हसला. अशी घड्याळं अख्ख्या रोह्यात कुणाकडे नाहीत, याचा त्याला तोरा. शेवटी मीच शेजाऱ्याची जीप आणली. पेणला पोचलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार उशीर केलात.

मुलगी वाचली. बाळ गेलं.