अणदूरचा पांढरा भंडारा

पुण्याहून भूमच्या एसटीत बसलो तेव्हा सोडायला आलेली बायको म्हणाली, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.” घोडं म्हणजे लोकांच्या लग्नांचे फोटो. रंगीत फिल्म आपल्या खेड्यांत नवी नवी आली, तेव्हाचे फोटो मी बघत हिंडतो. कुणी सांगितलेलं नाही.

भूमला एका गृहस्थांनी आधी खवा खायला घातला आणि मग अल्बम उघडला. जुन्या रंगीत फोटोंतला निळा-हिरवा आधी उडतो, तांबडा मागे राहतो. त्यांचं सगळं वऱ्हाड बैलांसकट लालेलाल झालं होतं. भिंतीवर आजोबांचा काळा-पांढरा फोटो मात्र ठणठणीत. रंगीत फोटो काढले म्हणून आपण गावभर मिरवलो होतो, असं ते म्हणाले. मी आणखी थोडा खवा घेतला.

येरमाळ्याला देवीचं दर्शन झालं आणि एसटी चुकली. थांब्यावर भजी खाल्ली. ती बहुधा आदल्या दिवशीची होती. पोट धरून, तुळजापूरला गाडी बदलून अणदूर गाठलं.

खंडोबाच्या देवळापाशी भंडारा (देवावर उधळायची हळद) विकणाऱ्या बाईंना जुन्या फोटोंचं विचारलं. त्यांनी शांताबाईंचं घर दाखवलं. “त्यांच्याकडं पांढरा फोटू हाय.”

साठी ओलांडलेल्या शांताबाईंनी मला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं आणि ट्रंकेतून पाकीट काढलं. फोटोत खंडोबाला आलेलं नवं जोडपं, म्हणजे शांताबाई आणि त्यांचा नवरा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरंफटक.

“राख फासल्यावानी दिसतंय न्हवं?”

दिसत होतं. फोटो आला आणि वर्षाच्या आत नवरा विहिरीत पडून गेला. सासू म्हणाली, फोटोनं आधीच सांगितलं होतं, ही चितेची राख घेऊनच घरात आली. तेव्हापासून सासू सुनेशी कामापुरतंच बोलते. हे सगळं शांताबाई मोठ्यानं सांगत होत्या आणि सासूबाई समोरच ओसरीवर बसल्या होत्या. कान शाबूत होते.

मी फोटो पुन्हा पाहिला. नवरीच्या हातातला चुडा निळा होता. नवरीला निळा चुडा कोण भरतो? मागची चुन्याची भिंतसुद्धा निळीच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हा रंगीत रोल धुवायला शहरात जायचे. तिथला माणूस फोटो छापताना डोळ्यांच्या अंदाजानं रंग सुधारायचा. माणसं इतकी पिवळी असूच शकत नाहीत, असं त्या शहाण्यानं ठरवलं असणार आणि सगळा पिवळा काढून टाकला. त्याला खंडोबा ठाऊक नव्हता.

नशीब, पाकिटात निगेटिव्ह होती. ती खिडकीच्या उजेडाला धरून मोबाइलवर टिपली आणि रंग उलटे केले. पहिल्या खेपेला नवराबायको जांभळी निघाली. ओसरीवरून “हं” ऐकू आलं. मग भिंत पांढरी धरून रंग लावले, तसा चुडा हिरवा झाला आणि दोघं हळदीनं पिवळीधमक.

शांताबाई मोबाइल घेऊन सासूपुढे बसल्या. “आत्याबाई, भंडारा हाय बघा. राख न्हाय.”

म्हातारीनं मोबाइल डोळ्यांशी नेला. बराच वेळ पाहिलं. मग सुनेकडे बघून विचारलं, “मग माझं लेकरू कशानं गेलं गं?”

“पाय घसरला, आत्याबाई. पायरीवर शेवाळं होतं. म्या वरडले, पर हात पुरला न्हाय माझा.”

मी माडग्याची वाटी उगाच पुन्हा तोंडाला लावली. ती रिकामी होती.

शांताबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी दिसल्यावर म्हणाल्या, “भाऊ, इतक्या वर्सांत त्यांनी हे मला आज पयल्यांदा इचारलं.”

परतीच्या वाटेवर त्या शहरातल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. सोलापूर आलं तेव्हा शिव्या थांबवल्या. त्यानं तर फक्त फोटो सुधारला होता. घरी बायकोनं फोटो पाहिला आणि म्हणाली, जरा जास्तच पिवळा आलाय, कमी कर. मी मोबाइल खिशात घातला.