जावयाचं पोट, सासूचा जीव

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस सासरी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बावीस वर्षं सासूबाईंचं एकच पालुपद: एवढी गुणी पोर माझी आणि पदरात काय पडलं, तर हे! तो बिचारा मान खाली घालून जेवायचा आणि हात धुऊन पुढच्या लिफ्टकडे पळायचा.

मग सासूबाईंच्या आतड्यात एक चिवट जंतू शिरला. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. पोटातले भले जंतू पटापट मेले, हा डांबिस मात्र ठाण मांडून बसला. जुलाबांनी म्हातारीचं पार चिपाड झालं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीने आत सोडू. ते नांदले तर हा हटेल, नाहीतर कठीण आहे. दोन्ही मुलगे पुढे सरसावले, पण शिंक आली की गोळी गिळणारी ही जात! तपासणीत दोघेही बाद. उरला जावई. त्याने उभ्या जन्मात गोळी घेतली नव्हती, तेही भित्रेपणामुळे. त्याचे सगळे रिपोर्ट लख्ख आले. सासूबाईंनी म्हणे भिंतीकडे तोंड फिरवून विचारलं, दुसरं कोणीच नाही का?

ठरल्या सकाळी डबा घेऊन तो हॉस्पिटलच्या संडासात शिरला. दहाच्या आत ऐवज लॅबमध्ये हवा होता. बाहेर अख्खं सासर उभं. एक मेहुणा दाराला तोंड लावून म्हणतोय, जावईबापू, तुम्हीच आमचे तारणहार. दुसरा केळं सोलून तयार. कौतुकाची सवय नसलेला जीव तो, होणार कसं? साडेनऊ झाले. म्हातारी आपल्यापायी जाणार, या विचाराने उरलीसुरली कळही पळाली.

बायको मात्र नवऱ्याला पुरती ओळखून होती. तिने सगळ्यांना हाकललं, वॉर्डात आईला फोन लावला आणि तो दाराखालून आत सरकवला.

"बावीस वर्षांत एक काम सांगितलं," सासूबाईंचा क्षीण आवाज आला, "तेही धड जमेना तुम्हाला?"

ऐकलं मात्र, जावयाला एकदम घरच्यासारखं वाटलं. दोन मिनिटांत डबा बाहेर आला.

जंतू नांदले. पंधरवड्यात सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. जावई जेवायला बसला, तर त्या स्वतः वाढायला आल्या आणि त्याच्या ताटात भाजीचा ढीग घातला. त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या पाटावर बसलो.

"नीट चावून खा," त्या म्हणाल्या. "ते पोट आता तुमच्या एकट्याचं नाही."

जावयाला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचंच होतं, असं तो अजूनही सांगतो.