शेवटच्या गाण्यातलं एक घर

लाखनीच्या हायवेवर अशी बोलवा आहे की श्रावण पंक्चरवाल्याने मौन धरलंय. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा त्याने वैनगंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शपथ घेतली म्हणे, की आता तोंड उघडीन तर नावाचा नाही. ट्रकवाले त्याच्याकडून पंक्चर काढून घेतात आणि जाताना पाया पडतात. एकाने तर टायरवर नारळ ठेवला होता.

शपथबिपथ काही नाही. खर्रा आहे. मिसरूड फुटल्यापासून श्रावणने सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घोटून खाल्ला. गाल आतून चामड्यासारखे झाले, जबडा आवळत गेला आणि आता दातांमधून एक बोट कसंबसं जातं. बायको कुंताबाई त्याला भाताची पेज करून देते. वरून जिभेच्या कडेला फोड आला, तो बरा होईना. नागपूरच्या डॉक्टरने पाहिलं आणि सांगितलं, अर्धी जीभ काढावी लागेल, थांबू नका. मग बोलायचं कसं, असं श्रावणने विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, आधी जगा.

नारळ मात्र त्याने घरी नेला होता.

डॉक्टर थांबू नका म्हणत असताना श्रावण थांबला, कारण त्याच्या अल्बममधलं शेवटचं गाणं रेकॉर्ड व्हायचं राहिलं होतं. या अल्बमची भानगड जुनी आहे. कॅसेटच्या जमान्यात तो ट्रकवर क्लीनर होता. ड्रायव्हरने रायपूरच्या बाजारातून गठ्ठ्याने कॅसेटी उचलल्या, त्यात एक अमेरिकेतल्या कोण्या रॅपरची निघाली. कव्हर नाही, नाव घासलेलं. ड्रायव्हर म्हणाला, हा गाते का भांडते, फेक तिले. श्रावणने फेकली नाही. इंग्रजीचा एक शब्द त्याला समजत नव्हता. पण गडी श्वास कुठे चोरतो, कुठे मुद्दाम मागे राहतो आणि मग धावत येऊन ठेक्याला कसा गाठतो, ते पहिल्याच रात्रीत समजलं. त्याचा बाप खडीगंमतीत, म्हणजे इकडच्या तमाशात, शाहीर होता, आणि तो डफावर हेच करायचा. पुढे भंडाऱ्याला गाणी रेकॉर्ड करणाऱ्या वीरेंद्रने ती कॅसेट ऐकली आणि सांगितलं, काका, हा मुरलेला माणूस आहे, रॅपच्या सोन्याच्या काळातला.

त्या कॅसेटीच्या शेवटच्या गाण्यात तो गडी गातच नव्हता. नुसती नावं घेत होता, एकामागून एक, ठेक्यावर. नाव कोण्याही भाषेत नावच असते. श्रावणला वाटलं, याचंही गाव कुठंतरी बुडालं असेल.

पुढे स्वतःचं गाव बुडाल्यावर त्याने गाणी बांधली. टायरवर पान्याचा ठोका देत देत. धानाच्या रोवण्याचं एक, येतच नाही त्या एसटीचं एक, पुनर्वसनाच्या प्लॉटवर बैल बांधायला जागा नाही त्याचं एक. आणि शेवटचं गाणं बुडालेल्या गावातल्या घरांचं: गुरं जमायच्या आखरापासून, बोडीच्या तळ्यावरून, नदीच्या घाटापर्यंत, ओळीने, प्रत्येक घरचं नाव. बाकीची रेकॉर्ड झाली. हे त्याने मागे ठेवलं होतं, आणि तेवढ्यात जिभेचं हे निघालं.

कुंताबाई चिडली होती. नावं घेतल्यानं कोनाचं घर पान्यातून वर येनार आहे, असं तिने विचारलं. श्रावण म्हणाला, नाही येत, पन माही जीभ गेल्यावर ते घेनारं बी कोनी नाही. त्यावर तिने पेजेचं भांडं त्याच्यापुढे आपटलं. भंडाऱ्याला जायच्या दिवशी मात्र थर्मासात पेज भरून एसटीत आधी तीच चढून बसली.

वीरेंद्रचा स्टुडिओ एका माडीवर आहे, भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले. तिथे भजनं होतात, प्रचाराची गाणी होतात, आणि भंगारवाल्याच्या गाडीवरचा आवाजही तिथलाच, खुद्द वीरेंद्रचा. तो चहा सांगतो तरी वाटतं, जुनं-पुरानं लोखंड मागून राह्यला. श्रावणचे पहिले चार बोल ऐकून तो म्हणाला, काका, आवाज दमदार आहे, पन शब्द चेपून राह्यले.

चेपू दे, असं श्रावणने हाताने सांगितलं.

आखराजवळचा टिकाराम. मोहाखालचा मंगरू. बोडीच्या पारीवरचा भैय्याजी. दातांच्या फटीतून एकेक नाव त्याने ओढून बाहेर काढलं. दम संपला की मागून कुंताबाईने ओळीचं शेपूट उचललं, खडीगंमतीत झीलकरी उचलतात तसं, जी जी म्हणत. कोणी सांगितलं नव्हतं तिला. सासऱ्याच्या अंगणात ती हे ऐकतच आली होती. वीरेंद्रने तिचा आवाज तसाच राहू दिला. निम्म्या गावावर श्रावणच्या तोंडात रक्त आलं. ते गिळून त्याने पुढची गल्ली घेतली.

घाटावर शेवटचं घर उरलं, त्याचं स्वतःचं. शाहीर शेवटच्या ओळीत आपलं नाव घालतो, ही बापाची रीत. श्रावणने माइकला तोंड लावलं आणि आलं, ‘हावन’. पुन्हा घेतलं, पुन्हा ‘हावन’. साऱ्या गावाची नावं निघाली आणि आपल्याच नावापाशी जीभ उचलेना. पुन्हा घ्यायचं कधी, तर कधीच नाही. दुसऱ्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

तो स्टुलावर बसला. “माहं घर पान्यातच राह्यते मंग.”

मग त्याने कुंताबाईकडे पाहिलं. या बाईने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर मागच्या बाईला सांगायला लावते. श्रावण महिन्यालाही ती आषाढानंतरचा महिना म्हणते.

हे लिहिणारा त्याच्या शेजारचा, सोबत गेला होता. तो श्रावणच्या कानाशी म्हणाला, काकी नाव घेत नाही, लावता का पैज?

“घेते,” श्रावण दातांतून म्हणाला. “हारला तं दवाखान्यात तिच्यासंगं बसशीन. रडली तं पानी देशीन.”

वीरेंद्रने आपल्या भंगारच्या आवाजात सुचवलं की काकी, उखाण्यात घ्या, सोपं जाते.

“उखाना लगनात घेतेत, बापू,” कुंताबाई म्हणाली. “इथं कोनाचं लगन लागून राह्यलं?”

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माइकसमोर उभी राहिली. ठेका सुरू झाला. तिची जागा आली आणि गेली. वीरेंद्र बंद करायला वाकला, तर श्रावणने त्याचा हात धरला. ती मुद्दाम मागे राहिली होती, कॅसेटीतला गडी राहतो तशी.

“घाटावरचा श्रावण,” ती म्हणाली. सरळ, उखाण्याशिवाय, नदीच्या पलीकडच्याला हाक मारावी तसं.

आणि मागून झील आली, जी, जी. ती श्रावणने दिली. तेवढं त्याला म्हणता आलं.

हे लिहिणारा पैज हरला, आणि आज ती फेडतो आहे. श्रावणला ऑपरेशनला आत नेलं आहे. बाहेरच्या बाकावर कुंताबाई बसली आहे, शेजारी तो, मधे पाण्याची बाटली. ती रडत नाही, म्हणून बाटली उघडायचं काम अजून पडलेलं नाही.