डावीकडच्या हिरड्या

स्वरूपा इंदापूर-बारामती एसटीवर कंडक्टर होती. तिशीत तिनं दातांना तारा बसवल्या. बारामतीच्या दंतवैद्य अंजलीमॅडमनी तिला विचारून एका अभ्यासात घेतलं. तिच्या तारांवर एका बाजूला जंतूंना चिकटू न देणारा पातळ लेप होता, दुसरी बाजू साधी. लेप कुठल्या बाजूला आहे, हे तिला सांगितलं नव्हतं. दोन्हीकडं सारखंच घासायचं, एवढं मात्र बजावलं होतं.

काही दिवसांनी डावीकडच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. स्वरूपा घाबरली आणि डावीकडं जास्त वेळ ब्रश फिरवू लागली. सूज उतरली.

पुढच्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, "दोन्हीकडं सारखंच दिसतंय. लेपाचा काही उपयोग नाही म्हणायचा."

"तसं न्हाय, मॅडम. डावी बाजू मी जास्त घासती. रगत यायचं."

मॅडमनी वहीतली नोंद खोडली. "मग तुमची तपासणी अभ्यासात धरता येणार नाही."

"पर हिरड्या बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

अभ्यासातून तिचं नाव कमी झालं, उपचार चालू राहिले. मॅडमचं काम आपण बिघडवलं, याचं स्वरूपाला वाईट वाटलं. आपलं चुकलं, असं मात्र वाटलं नाही.