मिनिटाला दोन लिटर

कडेगावच्या नाथाजी गुरुजींनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. घरात मात्र बायकोला, बनुबाईला, कधी काही शिकवायची वेळ आली नाही. ती आली बनुबाईची फुप्फुसं कडक होत गेल्यावर. मिरजेच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितला, मिनिटाला दोन लिटर.

गुरुजींनी आलेखाचा कागद पलंगाशेजारी भिंतीला लावला. खाली तास, उभ्या बाजूला लिटर. शेजारी तक्ता : एका तासाला एकशेवीस, दहा तासांना बाराशे, साठ तासांना सात हजार दोनशे, म्हणजे मोठी टाकी रिकामी.

"साठ तासाला एवडं, तर तीस तासाला त्याच्या निम्मं," बनुबाई म्हणाली. "रेघ सरळच जाणार की."

"बरोबर."

"एवडं सोपं व्हतं, तर आदी का न्हाई शिकवलं?"

गुरुजींनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवाह चारवर न्यायला सांगितला. गुरुजींनी टाकीची चावी फिरवली, पण कागदावर रेघ दोनचीच ओढली. नागपूरला असलेल्या लेकीला, संयोगितालाही, फोनवर म्हणाले, "दोनवरच हाय. सुट्टी काडू नगंस."

मंगळवारी दुपारी टाकी बदलून माणूस गेला. बनुबाई बराच वेळ कागदाकडं बघत होती.

"आवं, आत्ता नेली ती टाकी सोमवारी सकाळी आटला लावली व्हती न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे तीस तास झालं. तुमच्या रेघंवर निम्मी उरायला पायजे." ती दम घ्यायला थांबली. "चारवर हाय व्हय मी?"

गुरुजींनी मान हलवली.

"खरी रेघ वडा."

त्यांनी पट्टी ठेवून ओढली. दुप्पट चढाची, उभी. दोनदा खोडावी लागली. बनुबाईनं ती बोटानं खालपासून वरपर्यंत चाचपली.

"पोरीला बोलवा," एवढंच म्हणाली.

संयोगिता त्याच संध्याकाळी निघाली. बुधवारी अकराच्या सुमारास ती कराडला उतरली, तेव्हा बनुबाई गेली होती.

दहाव्यानंतर गुरुजींनी लेकीला सगळं सांगितलं. कधी प्रवाह वाढवला, कागदावर काय ओढलं, फोनवर खोटं का बोलले.

"किती दिवस चारवर होती?" तिनं विचारलं.

"नऊ."

संयोगिता आईची लुगडी घडी घालत होती. एक घडी वाकडी पडली, ती मोडून तिनं परत घातली. गुरुजी दारात उभे राहिले. तिनं "बसा" म्हटलं नाही, आणि त्यांनाही आत जाववेना.